नाव एआयचे, पाया गणिताचा

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले, की आपल्या घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. मुलाला कुठे घालायचे? मुलीला कुठे पाठवायचे? पूर्वी उत्तरे ठरलेली असत. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, नाहीतर कॉम्प्युटर. आता त्यात एका नव्या नावाची भर पडली आहे. मुले म्हणतात, ‘आम्हाला एआय करायचे आहे.’ आईवडील एकमेकांकडे पाहतात. शेजारचे कोणी म्हणते, पुढचा जमाना त्याचाच आहे. दुसरे कोणी म्हणते, या एआयमुळेच तर नोकऱ्या जाणार, मग त्याची पदवी घेऊन करायचे काय?

दोन्ही बोलणी अर्धवट माहितीवरची आहेत. या निर्णयात मुलांच्या आयुष्यातली चार वर्षे गुंतलेली असतात. शिवाय आईच्या बचत गटातले पैसे, बापाचा प्रॉव्हिडंट फंड, कधी गावाकडची अर्धा एकर जमीनही गुंतलेली असते. म्हणून या आठवड्यात आम्ही हाच विषय घेत आहोत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पदवीत प्रत्यक्ष काय शिकवतात, ती कोणाला झेपते, आणि प्रवेश घेण्यापूर्वी घरातल्या माणसांनी काय पाहावे, एवढेच सांगण्याचा आमचा हेतू आहे.

विषय जुना, पदवी नवी

‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव अमेरिकेतील जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली एका प्रस्तावात वापरले, आणि १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात त्यावर काही संशोधक एकत्र बसले. म्हणजे विषय सत्तर वर्षांचा झाला. परंतु बारावीनंतर थेट याच नावाची पदवी घेण्याची सोय आपल्याकडे अगदी अलीकडची. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने अशी पदवी २०१८ साली सुरू केली. आपल्या देशात आयआयटी हैदराबादने २०१९ साली एआयचा बी.टेक. अभ्यासक्रम काढला, तेव्हा त्यात केवळ २० जागा होत्या. त्यानंतर मात्र पूर आला. महाराष्ट्रातही २०२० नंतर कितीतरी खासगी महाविद्यालयांनी ‘एआय अँड डेटा सायन्स’, ‘एआय अँड मशीन लर्निंग’ अशा पाट्या लावल्या.

ज्यांनी नव्वदच्या दशकातले गल्लोगल्लीचे कॉम्प्युटर क्लास पाहिले आहेत, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. त्या काळी हजारो रुपये भरून रंगीत सर्टिफिकेट मिळे. ज्यांनी मन लावून शिकून घेतले ते पुढे गेले, आणि ज्यांच्या हाती नुसते सर्टिफिकेट पडले त्यांचे पैसे गेले. आजही नाव मोठे आहे म्हणून शिक्षण मोठे असेलच असे मानून चालणार नाही.

चार वर्षांत शिकवतात काय?

पुष्कळ मुलांची समजूत अशी असते की, एआयच्या वर्गात मोबाइलवरच्या चॅटजीपीटीसारखे काहीतरी चालवायला शिकवतील. तसे नाही. पहिल्या वर्षी इतर इंजिनिअरिंगप्रमाणेच गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, ड्रॉइंग आणि थोडे प्रोग्रॅमिंग असते. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आणि स्टॅटिस्टिक्स येते. मशीन लर्निंग, न्यूरल नेटवर्क हे विषय बहुधा तिसऱ्या वर्षापासून भेटतात. चौथ्या वर्षी प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप. विद्यापीठानुसार क्रम थोडा मागेपुढे होतो, पण सांगाडा हाच. अभ्यासक्रमाचा मोठा भाग कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचाच असतो, आणि त्यात गणिताची भर अधिक असते.

हे गणित का लागते, ते एका साध्या उदाहरणाने पाहू. पत्रावर हाताने लिहिलेला पिनकोड पोस्टातला माणूस एका नजरेत वाचतो. यंत्राला तो कसा वाचता येईल? १९८९ च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅबमध्ये यान लेकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या टपालावरचे हस्तलिखित अंक वाचणारे न्यूरल नेटवर्क तयार केले. आजही या विषयाचे विद्यार्थी सुरुवातीला हाच धडा गिरवतात. त्यासाठी हस्तलिखित अंकांचा एक प्रसिद्ध संच आहे. त्यात शिकण्यासाठी ६०,००० आणि परीक्षेसाठी १०,००० चित्रे आहेत. प्रत्येक चित्र २८ बाय २८ चौकटींचे, म्हणजे ७८४ चौकटी. प्रत्येक चौकटीत ० ते २५५ यांपैकी एक आकडा, काळेपणा किती ते सांगणारा. आपल्याला जो ‘पाच’ दिसतो, तो यंत्राच्या लेखी ७८४ आकड्यांचा तक्ता असतो.

यंत्र या प्रत्येक आकड्याला कमी-अधिक महत्त्व देते, गुणाकार आणि बेरजा करते आणि उत्तर सांगते. सुरुवातीला उत्तर चुकतेच. मग किती चुकले ते मोजायचे आणि ते महत्त्वाचे आकडे थोडेथोडे बदलायचे. भाजीत मीठ कमी पडले तर आपली आई मूठभर टाकत नाही. चिमूटभर टाकते, ढवळते, पुन्हा चाखते. यंत्राचे शिकणे याच रीतीने चालते. फरक इतकाच की, तिथे एका मिठाऐवजी हजारो, लाखो, आणि आजच्या मोठ्या यंत्रणांत अब्जावधी आकडे असतात, आणि चाखणे लाखो वेळा होते.

आता पाहा. आकड्यांचा तक्ता म्हणजे मॅट्रिक्स. कोणता आकडा कोणत्या दिशेला किती बदलला म्हणजे चूक कमी होईल, हे सांगतो डेरिव्हेटिव्ह. ‘हा पाच असण्याची शक्यता किती’ हे सांगते प्रॉबॅबिलिटी. हे तिन्ही धडे आपल्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकात आहेत. म्हणूनच आम्ही पालकांना सांगतो की, मुलाला मोबाइलची फार आवड आहे एवढ्यावरून त्याला एआय जमेल असे ठरवू नका. बारावीत हे तीन धडे त्याने समजून सोडवले की मार्गदर्शकातून पाठ केले, ते त्याला विचारा. समजून सोडवले असतील तर बिनधास्त पाठवा. पाठ केले असतील तरी दार बंद होत नाही, मात्र वर्ग सुरू होईपर्यंतचा वेळ त्याच धड्यांना द्यावा लागेल. पुष्कळ मुलांना इंजिनिअरिंगच्या गणितातच केटी लागते. वर्ष वाया गेले की पुन्हा केलेल्या वर्षाच्या शिष्यवृत्तीचीही अडचण होते.

पदवीच्या नावावर अडून बसू नये

कोणाला हव्या त्या कॉलेजात एआय शाखा मिळाली नाही तर घरात सुतक असल्यासारखे वातावरण होते. त्याची काही गरज नाही. ज्यांनी हा विषय उभा केला त्यांच्या पदव्या पाहाव्यात. जेफ्री हिंटन यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते न्यूरल नेटवर्कवरील कामासाठी. त्यांनी केंब्रिजमधून १९७० साली पदवी घेतली ती प्रायोगिक मानसशास्त्राची.

फेई-फेई ली यांची हकिगत तर आपल्या मुलींना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पंधरा वर्षांच्या असताना त्या आईबरोबर चीनमधून अमेरिकेत वडिलांकडे आल्या. इंग्रजी धड येत नव्हते. पुढे घर चालवण्यासाठी आईवडिलांनी न्यू जर्सीत कपडे धुण्याचे, ड्राय क्लीनिंगचे दुकान घेतले. ली प्रिन्स्टन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत होत्या आणि सुट्टीच्या दिवशी येऊन दुकानात काम करीत होत्या. त्याच बाईंनी पुढे सहकाऱ्यांसह ‘इमेजनेट’ नावाचा चित्रसंग्रह २००९ साली जगापुढे ठेवला. त्यात वाढत वाढत १ कोटी ४० लाखांहून अधिक चित्रे जमली. २०१२ साली याच संग्रहावरच्या स्पर्धेत हिंटन आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांच्या यंत्रणेने बाजी मारली, आणि आजची एआयची लाट तिथून उसळली.

सांगायचे तात्पर्य, चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स किंवा बी.एस्सी.ला गणित-संख्याशास्त्र मिळत असेल, तर नुसत्या नावासाठी सुमार कॉलेजातली एआय शाखा घेऊ नये. पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी किंवा नोकरीत या विषयाकडे वळता येते. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांनीही मागे राहिल्याची खंत बाळगू नये. त्यांचा हात प्रोग्रॅमिंगवर बसलेला असतो, त्यांनी फक्त बारावीचे गणित भरून काढावे.

आणखी एक वाट सांगतो. आयआयटी मद्रासने २०२० साली डेटा सायन्सचा एक पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याला जेईई लागत नाही. दहावीला गणित आणि इंग्रजी असलेला बारावी उत्तीर्ण विद्यार्थी, मग तो कला शाखेचा का असेना, त्यांचा चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यास करून पात्रता परीक्षा देऊ शकतो. धडे घरी बसून पाहायचे, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यायची. उत्पन्न आणि प्रवर्ग पाहून फीत सवलत मिळते. दुसरी पदवी करता करता किंवा नोकरी सांभाळून हा अभ्यास करता येतो. अभ्यास सोपा नाही, पण दार उघडे आहे.

यंत्र कोणाकडून शिकते?

नोकरीपलीकडचेही एक कारण आहे, ज्यासाठी आपल्या मुलामुलींनी या विषयात शिरावे असे आम्हांला वाटते.

यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते. जुन्या नोंदींत अन्याय असेल तर यंत्र तोही शिकते, आणि वर निःपक्षपातीपणाचा आव आणते. ॲमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज चाळण्यासाठी असे यंत्र बनवायला घेतले होते. आधीच्या दहा वर्षांतले अर्ज त्याला शिकवले. त्या क्षेत्रात पुरुषच अधिक, म्हणून यंत्राने बायकांच्या अर्जांना कमी लेखायला सुरुवात केली. अर्जात महिलांच्या संस्थेचा किंवा संघाचा उल्लेख दिसला की गुण कमी. कंपनीने अखेर तो प्रकल्प गुंडाळला. २०१८ साली ही गोष्ट वृत्तपत्रांतून बाहेर आली.

त्याच वर्षी जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के निघाले. काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. बुओलामविनी विद्यार्थिनी असताना एका सॉफ्टवेअरला त्यांचा चेहराच दिसत नव्हता. त्यांनी पांढरा मुखवटा घातला तेव्हा कुठे तो दिसला. हा दोष त्यांच्या आधी हजारो हुशार अभियंत्यांच्या हाताखालून गेला होता. ज्यांचे चेहरे यंत्राला दिसत होते, त्यांना तपासण्याची गरजच वाटली नव्हती.

आपल्या देशात आडनावावरून, पत्त्यावरून, बोलण्याच्या ढंगावरून माणूस ओळखण्याची सवय किती जुनी आहे, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. उद्या कर्ज कोणाला द्यावे, मुलाखतीला कोणाला बोलवावे, हे यंत्र सुचवू लागले तर त्याला कोणत्या नोंदी शिकवल्या, हे विचारणारा माणूस त्या खोलीत हवा. तो प्रश्न विचारायला गणितही यावे लागते आणि वस्तीही माहीत असावी लागते. आपल्या मुलांकडे दुसरी गोष्ट जन्मापासून आहे. पहिली कष्टाने मिळवता येते.

प्रवेशापूर्वी हे पाहा

कॉलेज पाहायला जाताना मुलाला बरोबर घ्या आणि इमारतीच्या काचा मोजण्यापेक्षा चार गोष्टी विचारा. मशीन लर्निंग आणि स्टॅटिस्टिक्स शिकवणारे प्राध्यापक कायम आहेत की तासावर येणारे? या शाखेची एखादी तुकडी बाहेर पडली आहे का, आणि ती मुले आज काय करीत आहेत? लॅब संध्याकाळी विद्यार्थ्यांना वापरता येते का? मागच्या वर्षीचे प्रोजेक्ट दाखवता का? शाखा नवीन असेल तर तिला एनबीएचे मानांकन नसण्याची शक्यता असते, कारण त्यासाठी आधी विद्यार्थी बाहेर पडावे लागतात. अशा वेळी त्याच कॉलेजच्या कॉम्प्युटर शाखेची कीर्ती पाहावी.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या जाहिरातीला भुलू नका. आता साधा प्रोग्रॅम यंत्रही लिहून देते. त्यामुळे नुसते जुजबी कोडिंग येणाऱ्यांची नव्या नोकरीत परीक्षा कडक होणार, हे गृहीत धरूनच शिकावे. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक हे ज्याला पारखता येईल, त्याला काम राहील, असे आमचे मत आहे.

पैशाचे म्हणाल तर सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, प्रवेश कॅप राउंडमधूनच घ्यावा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि उत्पन्न अधिक असल्यास मिळणारी फ्रीशिप, या दोन्हींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश कॅपमधून झालेला लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घाईने जागा घेतली की ही सवलत हातची जाते. शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा बरीच वर्षे अडीच लाख रुपये राहिली आहे. अर्ज भरताना महाडीबीटीवर चालू वर्षाची मर्यादा पाहावी. २०२१ पासून या शिष्यवृत्तीतील केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. तो पैसा फीचा आहे, घरखर्चाचा नाही. खात्यात पडताच कॉलेजात भरून पावती घ्यावी.

आयआयटीत प्रवेश मिळाला तर अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना शिकवणी फी पूर्ण माफ आहे. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र धरून ठेवावा. शासकीय वसतिगृह मिळाले नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज करावा.

या सर्वांसाठी कागदपत्रे आधीच हवीत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि सर्वांत वेळखाऊ ते जात वैधता प्रमाणपत्र. विज्ञान शाखेच्या मुलांनी अकरावीतच कॉलेजमार्फत त्याचा प्रस्ताव द्यावा. प्रवेशाच्या तोंडावर समितीच्या दारात उभे राहण्याची पाळी कोणावरही येऊ नये.

घरातल्यांचे काम

आईवडिलांना मॅट्रिक्स ठाऊक नसले तरी काही बिघडत नाही. मुलाला अभ्यासाला शांत जागा द्यावी. लग्नकार्याच्या खरेदीत हात थोडा आखडून आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप घ्यावा. शिकण्यापुरते त्यावर भागते. मोठे गणित चालवायला गुगल कोलॅबसारखी सोय इंटरनेटवर फुकट मिळते. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरील व्याख्यानेही फुकट पाहता येतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे पहिले सहा महिने इंग्रजीमुळे जड जातात. त्यांनी एक वही करावी. रोज भेटलेले पाच तांत्रिक शब्द आणि त्यांचा अर्थ स्वतःच्या मराठीत लिहावा. अर्थ मराठीत नीट लिहिता आला की विषय समजला असे खुशाल समजावे.

मुलींच्या बाबतीत एक विनंती. ‘चार वर्षे बाहेरगावी कशाला, इथेच काहीतरी कर’ असे म्हणण्यापूर्वी तिचे गणिताचे गुण पाहा. भाऊ आणि बहीण यांत पैसा वाटायचा झाला तर ज्याची तयारी अधिक त्याला आधी द्या.

आणि ज्या वस्तीत एखादा मुलगा किंवा मुलगी या शाखेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असेल, तिथल्या मंडळींनी रविवारी विहारात दोन तास गणिताची बैठक सुरू करावी. शिकवणारा तोच विद्यार्थी असावा आणि ऐकायला अकरावी-बारावीची मुले. एक फळा, खडूचा डबा आणि बारावीचे पुस्तक, इतके सामान पुरते. पहिल्या रविवारी मॅट्रिक्स घ्यावे. ज्यांच्याकडे अशी बैठक सुरू होईल त्यांनी आम्हांला जरूर कळवावे. आम्ही त्याची हकिगत याच स्तंभातून इतर गावांपर्यंत पोहोचवू.